समईला काच नसते

आत्याबाईंचे डोळे जात होते आणि आम्ही घरचे सगळे कंदिलाच्या काचा पुसत बसलो होतो. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा मला तरी मुळीच येत नव्हतं, कारण काचा पुसायचं काम माझं होतं आणि बोलणीही मलाच खावी लागत होती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन मी गारगोटीकडून कोल्हापुरात आले ती महाराजांच्या राज्यात. घर तालमीच्या मागच्या बोळात. माझे यजमान शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात कामाला होते. घरात माणसं तीनच, हे, मी आणि आत्याबाई. मामंजी माझ्या लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे सगळा कारभार आत्याबाईंचा. त्या उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की त्या पुढच्या सोप्यात बोलल्या तर तालमीतल्या गड्यांचा एखादा जोर चुकायचा. मीही तोंडाने काही कमी नव्हते. पण नवी सून होते, म्हणून सुरुवातीला आवरून घेत होते.

आमच्या घरात सांजवात आत्याबाईंच्याच हातची. दिवस मावळला की त्या हातपाय धुऊन देवापुढे बसायच्या, समईत करडईचं तेल घालायच्या, स्वतः वळलेली वात लावायच्या आणि हात जोडायच्या. मग समईच्या ज्योतीवर सणाची, म्हणजे तागाच्या झाडाची, वाळकी काडी धरून ती पेटती काडी माझ्या हातात द्यायच्या. त्या काडीने मी सोप्यातला मोठा कंदील लावायचा, मग हातकंदील, मग चुलीपाशी ठेवायची पत्र्याची चिमणी. समई लागल्याशिवाय घरात दुसरा दिवा लागायचा नाही. आभाळ भरून भर दुपारी अंधारलं, तरी नाही. उंबऱ्याला ठेच लागली तर लागू दे, पण रीत म्हणजे रीत.

ही रीत त्यांनी भांडून राखली होती. मामंजी गेले तेव्हा भावकीतल्या बायका गोळा होऊन म्हणाल्या की आता सांजवात लेकाने लावावी, विधवा बाईने लावू नये. हे मला शेजारणीने सांगितलं. आत्याबाईंनी त्या बायकांना सोप्यातच विचारलं होतं, "दिव्याला काय कळतंय, लावणारीच्या कपाळाला कुकू हाय का न्हाय ते? मी लावली तर काय उजेड कमी पडतोय व्हय?" पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. मी सून होऊन आले तरी त्यांनी सांजवात माझ्याकडे दिली नाही, आणि खरं सांगते, मला ते मनातून आवडलं होतं. माझी आईही अशीच लवकर पांढऱ्या कपाळाची झाली होती. पण तिने दिवा मुकाट्याने जावेच्या हातात दिला होता.

माझ्या वाट्याला आले ते घासलेटचे दिवे. दुपारची भांडी आवरली की मी सगळे कंदील घेऊन घरामागच्या परड्यात बसायची. चुलीतली शेणीची राख फडक्यातून गाळून घ्यायची, जुन्या मऊ धोतराचा बोळा करायचा, काचेत तोंडाने वाफ सोडायची आणि राखेने आतून बाहेरून पुसायची. माझा हात लहान, तो काचेत सहज जायचा. काचेला पाणी लावायचं नाही, कारण कुठे ओल राहिली तर दिवा लावताच ती तडकते. मग वातीचा जळका काठ फडक्याच्या चिमटीत धरून काढायचा, शेंडा सरळ कातरायचा आणि दोन्ही कोपरे जरा उतरते ठेवायचे. एखादा कोपरा उभा राहिला की ज्योतीला शिंग फुटतं आणि काचेची तेवढी बाजू घटकेत काळी होते. शेवटी घासलेट भरायचं, तेही काठोकाठ नाही. हे सगळं झालं की मातीने आणि चिंचेने हात खसाखसा घासायचे. घासलेटचा वास असलेल्या हाताने समईला शिवायची सोय नव्हती.

हे काम मला स्वयंपाकापेक्षाही आवडायचं. माझ्या भाकरीला आत्याबाई नाव ठेवत, आमटीला ठेवत, माझ्या चालण्यालाही ठेवत. पण काचेला नाव ठेवायला जागा नसायची. पुसलेल्या काचा ओळीने मांडल्या की त्यांच्यातून परड्यातला शेवगा दिसायचा आणि मी उगाच थोडा वेळ बघत बसायची.

आणि नेमकी त्याच काचेवरून कटकट सुरू झाली.

"काच पुसलीस का नुसती कुरवाळलीस?" एका संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या.

"पुसलीया की, आत्याबाई."

"मग ह्यो धुरळा कसला दिसतोय?"

मी वात उतरवली, काच निवू दिली आणि उलटसुलट करून बघितली. धुरळ्याचा कण नव्हता. दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ पुसली. संध्याकाळी पुन्हा तेच. "वात चढीव," त्या म्हणाल्या. मी चढवली. "अजून चढीव." अजून चढवली. आता कंदिलाची वात एवढी चढवल्यावर तो धुरणार नाही तर काय करणार? काचेचा वरचा काठ काळा झाला. सकाळी आत्याबाईंनी काठावरून बोट फिरवलं, काळं बोट मला दाखवलं आणि म्हणाल्या, "बघ, मी म्हनत नव्हते?"

हे असंच चाललं. काच धुरकट दिसते म्हणून वात चढवायची, वात चढवली म्हणून काच काळी व्हायची, आणि काच काळी झाली म्हणून मी आळशी ठरायची. मी मनात म्हणायची, लोकांच्या सासवा सुनेला छळायला काय काय शोधतात, माझ्या सासूने काच धरलीय.

एकदा मी रागाने यजमानांनाच म्हटलं, "उद्या तुम्हीच पुसा." बिचाऱ्यांनी पुसली. जीव लावून पुसली, अगदी घाम येईपर्यंत. संध्याकाळी कंदील लागला आणि आत्याबाई म्हणाल्या, "ही पोरगी काय शिकायची न्हाय." यजमानांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ते माझ्याकडे न बघता तालमीकडे निघून गेले.

मग कंदिलाचंच काही बिघडलं असणार असं आम्ही ठरवलं. बोळाच्या तोंडाशी पत्र्याचं काम करणारे एक चाचा बसत. रिकाम्या डब्यांच्या चिमण्या आणि नरसाळी करायची, गळके कंदील कथलाने झाळून द्यायचे, हा त्यांचा धंदा. आत्याबाईंना ते आक्का म्हणत. त्यांनी आधी वात बदलली. मग वात फिरवायची चावी बदलली. मग बूड गळत नव्हतं तरी झाळून दिलं. शेवटी नवी काच बसवली आणि मला म्हणाले, "सूनबाई, ह्या कंदिलाचं आता नाव तेवढं जुनं ऱ्हायलंय. बाकी सगळा नवा झाला." त्या नव्याकोऱ्या काचेतून पहिल्याच संध्याकाळी आत्याबाईंना धुरळा दिसला.

श्रावणातली गोष्ट. दिवसभर झड लागली होती आणि घरात लवकर अंधारून आलं होतं. आत्याबाईंनी समई लावली, हात जोडले, काडी पेटवून माझ्या हातात दिली. मी कंदिलाकडे वळले तर त्या मागून म्हणाल्या, "उद्या हिची बी काच पूस गं जरा. ज्योतीभवती कसलं कडं धरलंय बघ."

मी हातात पेटती काडी घेऊन तशीच उभी राहिले. समईला काच नसते.

काडी जळत बोटापर्यंत आली तेव्हा मी भानावर आले आणि ती खाली टाकली. "समईला काच कुठं असती, आत्याबाई?" मी हळूच विचारलं. माझ्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच बहुतेक त्यांना कळलं. त्यांनी हात पुढे केला आणि ज्योतीच्या कडेने हवेत चाचपून बघितलं. हाताला काही लागलं नाही. लागणार कुठून?

"मग ह्ये धुकं कुनाचं?" त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला विचारलं नव्हतं.

मला एकदम सगळं दिसायला लागलं. निवडायच्या तांदळाचं सूप त्या हल्ली माझ्याकडे सरकवायच्या, ते रुबाब म्हणून नव्हे. सुई ओवायला शेजारणीच्या पोरीला हाक मारायच्या, ती लाडाने नव्हे. उंबरा ओलांडताना चौकट धरायच्या. वाती तेवढ्या पहिल्यासारख्या सुबक व्हायच्या, कारण त्या बोटांनी वळायच्या, डोळ्यांनी नाही. माझा राग त्या क्षणी पार गेला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. राग बरा होता असं वाटलं.

यजमान त्यांना दरबारच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी बघून सांगितलं की मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. उजवा पिकत आलाय, पावसाळा सरला की काढता येईल, आणि मग चष्मा लावून दिसेल. नाही काढला तर हळूहळू उजेड आणि अंधार एवढंच कळेल. घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "डोळ्यात सुरी घालून घ्यायची? त्यापरास आंधळी बरी."

आम्ही परोपरीने समजावलं. चाचा मुद्दाम सोप्यात येऊन बसले. "आक्का, माझ्या अम्मीचा तिथंच काढला. आता पानाला चुना कमी लावला तर तिला लांबनं दिसतोय."

"तुझी अम्मी धीराची आसंल," आत्याबाई म्हणाल्या. "मी न्हाय."

एवढा मोठा आवाज आणि आत एवढं भ्यालेलं माणूस, हे मला माहीत नव्हतं. मी मुकाट्याने सांजवात सोपी करायला लागले. तेलाचं भांडं त्यांच्या उजव्या हाताला, वाती डाव्या हाताला, काडी पुढ्यात, आणि समई रोज त्याच फरशीवर. त्यांनी कधी विचारलं नाही की या वस्तू अशा आपोआप हाताशी कशा येतात.

दसऱ्याच्या अलीकडे एका संध्याकाळी त्या काडी पेटवायला पुढे वाकल्या. ज्योत नक्की कुठे आहे ते कळेना म्हणून आणखी वाकल्या, आणि पदराचा शेव समईवर पडला. मी शेजारीच होते. दोन्ही तळव्यांनी थापटून विझवला. लुगड्याला भोक पडलं, माझ्या तळव्याला फोड आला, एवढ्यावर निभावलं. आम्ही दोघींनी काही न बोलता ते झाकायचं ठरवलं होतं, पण यजमानांनी जेवताना माझा हात बघितला.

"आई," ते म्हणाले, "उद्यापासनं सांजवात ही लावंल." अगदी हळू म्हणाले. आत्याबाई भांडल्या नाहीत. ताटातली भाकर तशीच ठेवून उठल्या. सगळ्या भावकीला जे जमलं नव्हतं ते त्या मायाळू लेकाने एका वाक्यात केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळला. मी हातपाय धुऊन देवापुढे बसले. आत्याबाई सोप्यात खांबाला टेकून, तोंड दाराकडे करून बसल्या होत्या. मी तेल घातलं, वात ठेवली, काडेपेटी हातात घेतली, आणि माझा हात काही पुढे होईना. आईने दिवा जावेच्या हातात दिला तो दिवस मला आठवत होता. आई तेव्हा अशीच दाराकडे तोंड करून बसली होती.

मी काडेपेटी खाली ठेवली आणि सोप्यात आले. "आत्याबाई, मी न्हाय लावणार."

"का? हाताचा फोड दुखतोय?"

"फोड बिड काय न्हाय. ह्या घरात सांजवात तुमच्या हातची. तुम्ही लावली न्हाय तर दुसरा दिवा बी लागायचा न्हाय, ही तुमचीच रीत. मग बसू तिघं बी अंधारात. न्हायतर डोळ्यातला मोती काढून घ्या आणि रोज लावा."

सासूशी असं बोलायची माझी पहिलीच वेळ. मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले. थोड्या वेळाने यजमान आले. दारातच थबकले. "दिवा का न्हाय लावला?" त्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून तेही बसले. बोळाच्या तोंडाशी नगरपालिकेचा माणूस शिडी लावून रस्त्यावरचा कंदील पेटवत होता. समोरच्या घरात दिवा लागला, शेजारी लागला. शेजारणीने येऊन विचारलं, "काय गं, घासलेट संपलं काय?" मी म्हटलं, "न्हाय, हाय की." ती गोंधळून परत गेली.

अंधार दाट झाला. डास चावायला लागले. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "लई आडमुठी हायस."

"तुमच्याच घरात शिकले."

"जीव गेला तर?"

"डोळ्यातला मोती काढताना जीव जात न्हाय, आत्याबाई. चाचांची अम्मी बघा की, अजून पानं खातीया."

त्या जराशा हसल्या असाव्यात, मला नीट दिसलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला. "ऊठ. धर मला. आनि माझा पदर मागं घट्ट आवळून धर, म्हंजे ह्या येडीचं घर पेटायचं न्हाय." मी त्यांचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि त्यांनी समई लावली. त्या संध्याकाळइतका उजेड मी त्या घरात आधी कधी बघितला नव्हता.

पावसाळा पुरता सरल्यावर त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. जाताना मला बजावून गेल्या, "मी यीस्तवर सांजवात तू लाव. सोय म्हनून लावायची, तुझी झाली म्हनून न्हाय." दवाखान्यात त्यांना उताणं झोपवून दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली होती. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. शेवटची अट डॉक्टरांनी कशी पाळून घेतली देव जाणे. मी रोज जायची. त्या चाहुलीवरूनच ओळखायच्या आणि कुजबुजत्या आवाजात विचारायच्या, "काल सांजवात लावलीस? काचा पुसल्यास?" त्यांच्या तोंडून कुजबूज ऐकून मला रडू फुटायचं, म्हणून मी पट्कन हो म्हणून दुसरं काही बोलायला लागायची.

पट्टी निघाली तेव्हा त्यांना उजेड आणि हलत्या सावल्या दिसत होत्या. बाकीचं चष्मा आल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही चष्म्याची वाट बघत राहिलो. मी देवापुढे समई लावताना दोन वेळा हात जोडायची, एकदा आत्याबाईंच्या वाटणीचे.

चष्मा मिळाला त्या दिवशी त्या घरी यायच्या होत्या. मी दुपारपासून परड्यात बसले. राख दोनदा गाळली. प्रत्येक काच आभाळाकडे धरून बघितली. मोठ्या कंदिलाची काच सगळ्यात शेवटी घेतली, आणि ती बसवते न बसवते तोच दारात टांगा थांबला. मी धावत बाहेर गेले.

आत्याबाईंनी चष्मा घातलेला नव्हता. तो फडक्यात गुंडाळून मुठीत धरला होता. "वाटंत घाल म्हटलं तर ऐकत न्हाय," यजमान म्हणाले. मला कळलं. घालून दिसलं नाही तर, ही भीती त्यांना रस्त्यात नको होती.

दिवस मावळेपर्यंत त्यांनी चष्मा फडक्यातून काढला नाही. मग हातपाय धुऊन देवापुढे बसल्या. मी सगळं हाताशी ठेवलंच होतं. त्यांनी सवयीने, चाचपत, समई लावली. यजमानांनी फडक्यातला चष्मा काढून त्यांच्या कानांवर अडकवला. जाड भिंगामागे त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता.

त्या समईकडे बघत राहिल्या. आम्ही दोघं त्यांच्याकडे.

"कडं हाय?" मी विचारलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "नुसती वात जळतिया."

आणि मग सणाची काडी उचलून त्यांनी ती थेट ज्योतीवर धरली, जराही न चाचपता, आणि माझ्या हातात दिली. मी मोठा कंदील लावला, काच बसवली, कंदील खुंटीला अडकवला आणि बाजूला उभी राहिले. आज तरी शाबासकी मिळेल असं मला वाटत होतं. आत्याबाई मान वर करून कंदिलाकडे बघत होत्या.

"अगं ए," त्या म्हणाल्या, आणि तो त्यांचा पूर्वीचा, तालमीपर्यंत जाणारा आवाज होता. "काच पुसलीस का नुसती कुरवाळलीस? त्या तितं, वरच्या काठाला, तुझ्या बोटाचा ठसा हाय की!"

मी टाचा उंच करून बघितलं. होता. राखेचं बोट घाईत काठाला लागलं होतं, तेवढाच एक पुसट ठसा. यजमान हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मी तर सोप्यात उभी राहून लहान पोरीसारखी रडले. "रडतीस काय, पूस की," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाकीची सगळी काच पुसली आणि तो ठसा तेवढा तसाच ठेवला. त्यांना पुन्हा दिसतो का ते मला बघायचं होतं. दिसला, आणि मला पुन्हा बोलणी बसली.